लाल बाजू स्वयंपाकघराकडे

धोंडोपंतांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं, आणि आठवून काही उपयोगही नव्हता. ज्या माणसाच्या घरात फरशीवर एक्केचाळीस दगड मांडून ठेवलेले असतात त्याला दुसरं काय म्हणणार? नाव कुणी ठेवलं ते आता सांगता येत नाही, पण चिकटलं ते चिकटलंच. खुद्द पंतांनाही ते ठाऊक होतं, आणि त्यांनी कधी राग धरला नाही.

दगड बटाट्याएवढे. प्रत्येक दगड अर्धा पांढरा रंगवलेला, अर्धा लाल. पंत सैन्यात होते, सुरुंग काढणाऱ्या तुकडीत. तिथली रीत अशी, की सळईने टोचत टोचत जेवढी जमीन तपासून होते तेवढीच्या कडेने दगड मांडायचे. पांढरी बाजू तपासलेल्या वाटेकडे, लाल बाजू सुरुंगांकडे. वाटेने चालणाऱ्याला दोन्ही हातांना पांढरंच दिसलं पाहिजे. लाल दिसलं, की समजावं आपण नको तिथे येऊन उभे राहिलोय. पंतांची नोकरी सुटली, ते घरी आले, आणि महिन्याभरात पुढच्या दाराशी तीन दगड दिसले. पुढे त्यांची वाट झाली. दारातून बाहेरच्या खोलीत, तिथून पलंगापर्यंत, पलंगापासून न्हाणीपर्यंत, आणि एक फाटा खिडकीकडे. बावीस वर्षं पंत त्या वाटेनेच चालले, एक बोटभरही इकडे-तिकडे नाही.

पंतांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकू शहाण्या होत्या, म्हणजे त्यांनी पहिल्याच वर्षी वाद घालणं सोडून दिलं आणि दगड न हलवता केर काढायची पद्धत शोधून काढली. लोक विचारत, "काकू, हे काय हो?" काकू म्हणत, "कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला दारूचा. यांना दगडांचा आहे. दगडाला वास तरी येत नाही." लोक हसत आणि विषय मिटे.

एकदाच तो मिटला नाही. स्वयंपाकघराचा नळ गळत होता म्हणून नळवाला आला होता. जाता जाता त्याने दारातला एक दगड मुद्दाम लाथेने उडवला. पंत खाली वाकले. दगड उचलून जागेवर ठेवला आणि अगदी आदबीने विचारलं, "कोणत्या पायाने?" नळवाला हसून म्हणाला, "उजव्या." आठवड्याने कळलं, की कुणाच्या तरी न्हाणीत घसरून त्याचा उजवा पाय मोडला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं काकूंनी स्वतःला बजावलं. पण त्या महिन्यात नळ पुन्हा गळायला लागला तेव्हा त्यांनी कुणाला बोलावलं नाही, खाली बादली लावली.

असं सगळं आयुष्य निघून गेलं असतं. पण लेकीला मुलगी झाली.

लेक बसने अर्ध्या तासावर राहायची. नात तेरा महिन्यांची झाली, धरून धरून चालायला लागली, तरी तिने आजीचं घर पाहिलं नव्हतं. काकूच जाऊन भेटून येत. पंतांनी नातीला फोटोतच पाहिलेलं. काकूंनी एकदा विषय काढला तर लेकीने हातातलं काम खाली ठेवलं.

"आई, तुला वाईट वाटेल, पण मी तिला त्या दगडांत आणणार नाही. मी वाढले तेवढं पुरे झालं."

"अगं, ते काय करतात का कुणाला? गरीब गाय आहेत."

"बाबांना त्रास आहे हे कागदावर येऊ दे. औषधपाणी सुरू होऊ दे. दगड जाऊ देत. त्या दिवशी मी तिला तुझ्या मांडीवर आणून ठेवते, घे जन्मभर."

काकू बसमध्ये रडल्या. मग डोळे पुसले आणि दुसऱ्याच दिवशी पंतांना घेऊन माजी सैनिकांच्या मदत कचेरीत गेल्या.

तिथल्या कारकुनाची डावी बाही खांद्यापासून दुमडून टाचणीने टाचलेली होती. "बसा. ही कचेरी मी एकहाती चालवतो," असं तो प्रत्येकाला म्हणे, आणि समोरचा हसायचं की नाही या विचारात पडला की त्याला मजा वाटे. त्याने फाईल चाळली.

"अपंगत्वाच्या अर्जात दोनदा गुडघा लावलात. दोनदा परत आला. 'वयोमानानुसार झीज.' काकू, गुडघा सगळ्यांचाच दुखतो. अर्ज नाकारणाऱ्या साहेबांचासुद्धा दुखत असेल."

"मग काय करायचं?"

"तीन गोष्टी लागतात. तेव्हा काय घडलं, आता काय होतंय, आणि या दोन्हींना बांधणारा दोरा. तेव्हाचं यांच्या तुकडीच्या अहवालात आहे. चौघं गेले, हे वाचले. आत्ताचं..." त्याने दाराकडे पाहिलं. पंत कचेरीच्या दाराबाहेर एकाच फरशीवर पाय जुळवून उभे होते. आले तेव्हापासून तिथेच होते. "आत्ताचं मला दिसतंय. पण मी पाहिलेलं चालत नाही. रोज पाहणारं माणूस लागतं."

त्याने एक कोरा अर्ज पुढे सरकवला. वर छापलं होतं: अर्जदाराच्या सहवासातील व्यक्तीचं निवेदन.

"आणि एक सांगतो. तुम्हाला काय वाटतं ते लिहू नका. 'फार त्रास होतो, बघवत नाही' असलं तर अजिबात नको. ते सगळेच लिहितात. काय पाहिलं, किती वेळा, केव्हापासून. केर काढताना दगड मोजता ना? तो आकडा लिहा."

घरी येऊन पंत खिडकीपाशी, आपल्या फाट्याच्या टोकाला उभे राहिले.

"डोक्याचा अर्ज करणार म्हणजे तू."

"हो."

"गुडघाच लाव अजून एकदा."

"गुडघ्याला आता कुणी दारात उभं करत नाही."

"लोक वेडा म्हणतील."

"लोक आत्ता काय म्हणतात ते ठाऊक नाही वाटतं तुम्हाला?" काकू म्हणाल्या, आणि लगेच त्यांना वाईट वाटलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, ती चालायला लागलीय. पडते, उठते, पुन्हा चालते. तुम्हाला बघायचं नाही का?"

पंतांनी हात पुढे केला. काकूंनी पेन दिलं. त्यांनी भिंतीवर कागद टेकवून सही केली.

"तू काय लिहिणार?"

"पाहिलंय ते."

"सगळं?"

"सगळं," म्हणत काकू चहा टाकायला आत निघाल्या. पंतांनी नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड फिरवलं. बायको स्वयंपाकघरात गेली की कोणता नवरा तिच्याकडे बघत बसतो? काकूंना त्यात कधी काही खटकलं नव्हतं.

निवेदन लिहायला त्यांना सहा दुपारी लागल्या. ओट्याशी उभं राहूनच त्या लिहीत. बसलं, की रडायला येतं, आणि कारकुनाने रडायला मनाई केली होती. चार पानं झाली. एकूण दगड एक्केचाळीस. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊ ते साडेअकरा हे गुडघ्यांवर बसून फरश्यांमधल्या फटी लोखंडी सळईने तपासतात, आजारपणातही खाडा नाही. मुलीच्या लग्नात हॉलच्या दाराशी एका फरशीवर तीन तास दहा मिनिटं उभे होते, जेवले नाहीत. नव्या जागी जायचं तर आधी मला पुढे जाऊ देत नाहीत आणि स्वतःही जात नाहीत, त्यामुळे आम्ही दोघं मिळून बावीस वर्षांत कुणाच्या घरी गेलो नाही. दुपारी झोपेत पाच नावं घेतात, क्रम ठरलेला असतो. पहिली चार नावं मला माहीत नाहीत. पाचवं माझं आहे.

हे शेवटचं वाक्य लिहिताना काकूंना जराशी लाज वाटली, आणि जरासा अभिमानही. एवढं सगळं डोक्यात थैमान घालतंय, तरी माणूस झोपेत बायकोचं नाव घेतो. तेवढ्यावर त्यांनी कितीतरी वर्षं काढली होती.

अर्ज गेला. दीड महिन्याने तपासणीचं पत्र आलं. पंत परका उंबरा ओलांडत नाहीत हे निवेदनात होतंच, म्हणून डॉक्टरीणबाई घरी आल्या, सकाळी अकराला. बारीक चणीच्या, रबरी तळव्यांचे बूट, हातात जाडसर वही. त्यांनी दारातच दगड पाहिले आणि काही न विचारता पंतांच्या मागे, पंतांचा पाय जिथे पडेल तिथेच पाय टाकत आत आल्या. काकूंना त्यांचं फार बरं वाटलं. आजवर आलेल्या प्रत्येकाने एकतर हसू दाबलं होतं नाहीतर कीव केली होती.

पंत सुरुवातीला हो-नाहीच्या पुढे जाईनात. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ते चौघं गेले ती वाट कुणी केली होती?"

"मी," पंत म्हणाले. "सगळी मी केली. शेवटचे चार हात राहिले होते. माझ्या हाताला कळ लागली, हात थांबला. म्हटलं, थांबा थोडं. एक जण म्हणाला, चार हातांत काय होतंय. गेला. त्याला आणायला दुसरा गेला. मग उरलेले दोघं. मी थांबा म्हणत होतो."

"तुम्ही कुठे होता?"

"वाटेवर. पांढऱ्या बाजूला."

डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहिलं, मग निवेदनाची पानं उलटली. "झोपेत पाच नावं घेता. चार ही झाली. पाचवं तुमच्या पत्नीचं?"

पंतांनी मान खाली घातली. काकूच मध्ये पडल्या. "बायकोचंच घेणार हो, दुसऱ्या कुणाचं? घेऊ दे की."

डॉक्टरीणबाई हसल्या, पाणी मागितलं, आणि काकू उठायच्या आत "राहू द्या, मी घेते" म्हणत स्वतःच स्वयंपाकघरात गेल्या. पंतांनी झटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. आतून भांड्याचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने आवाज आला तो बाईंचा.

"इथून सगळे लाल दिसतात."

काकूंना आधी कळलं नाही. बाई स्वयंपाकघराच्या दारात आतल्या बाजूने उकिडव्या बसल्या होत्या. समोर ओळीने नऊ दगड होते, त्यांच्याकडे बघत होत्या.

"तुम्ही स्वयंपाकघरात शेवटचं केव्हा आला होता?" त्यांनी पंतांना विचारलं.

पंत भिंतीशीच बोलले. "आलो नाही."

"कधीच?"

"वाट इथपर्यंतच झालीय. पुढची जमली नाही. हात थांबला."

आता हे तुम्हीच बघा. बावीस वर्षं एक नवरा स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाही, आणि याचं कुणाला म्हणून नवल वाटत नाही! ना शेजाऱ्यांना, ना लेकीला, ना खुद्द बायकोला. पुरुषमाणूस, तो कशाला येतोय आत? काकूंनी चार पानं भरून लिहिलं, एकेक दगड मोजून लिहिलं, पण हे लिहायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. हे लक्षणात मोडतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"आणि या?" डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे बोट केलं.

"ती जाते," पंत म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, दूधवाला आला म्हणून सांगावं तसा. "रोज जाते. चहाला, भांड्यांना. दिवसातून तीस-चाळीस वेळा. मी थांब म्हणायचो पहिल्या वर्षी. ती हसायची. मग मी बघायचं बंद केलं. दर वेळी वाटतं, आत्ता."

सकाळी अकराच्या उन्हात काकूंच्या अंगावर काटा आला. पाच नावं कसली होती ते त्यांना समजलं. पुढे गेलेल्यांची होती. त्यात त्यांचं नाव बावीस वर्षांपासून होतं, आणि ते प्रेमाने घेतलेलं नव्हतं असंही म्हणता येईना. त्यांना नवऱ्याची भयंकर दया आली. पण दयेच्या खाली दुसरंही काहीतरी हललं, आणि त्याला नाव द्यायला त्या तयार नव्हत्या.

डॉक्टरीणबाई गेल्यावर काकू स्वयंपाक करायला उठल्या. दारात क्षणभर थांबल्या. मग स्वतःलाच "वेडी का खुळी" म्हणत आत गेल्या आणि वळून पाहिलं. नऊच्या नऊ दगड लाल होते. रोजचेच होते, पण काकूंनी ते आज पाहिले.

त्या दिवसापासून काकूंचं चालणं थोडं बदललं. कुणाच्या लक्षात यावं इतकं नाही. दारातून ओट्यापर्यंत पाच पावलं होती, ती पाचही कालच्याच फरश्यांवर पडू लागली. ओट्याशी एक फरशी ठरून गेली. कोपऱ्यातल्या डब्यांपर्यंत जायचं त्यांनी हळूहळू टाळलं, मग डबेच ओट्यावर आणून ठेवले. हाताशी असलेलं बरं पडतं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. आणि खरंच बरं पडत होतं.

दोन महिन्यांनी निकाल आला. सेवेमुळे आलेलं अपंगत्व मान्य, सत्तर टक्के. औषधोपचार सरकारी खर्चाने, पेन्शनमध्ये वाढ. काकूंनी पत्र तीनदा वाचलं आणि कचेरीत फोन केला. कारकून आनंदाने ओरडलाच.

"काकू, जिंकलात! मी एकोणीस वर्षं इथे आहे, असं निवेदन पाहिलं नाही. साहेबांनी दोनदा वाचलं म्हणे. डॉक्टरीणबाईंनी तर खाली लिहिलंय, पत्नीच्या निवेदनाशिवाय हा दावा उभा राहिला नसता. आता खुशाल झोपा."

आणि उपचारांनी खरोखर गुण आला. उगाच नाही म्हणायला जीभ धजावत नाही. डॉक्टरीणबाईंनी पंतांना त्यांच्याच शिस्तीने बाहेर काढायचं ठरवलं. आठवड्याला दोन-तीन दगड स्वतः उचलायचे, मोकळ्या झालेल्या फरशीवर उभं राहायचं, शंभर आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी पंतांना घाम फुटला, आकडे बारावरच संपले. चौथ्या महिन्यात ते बाहेरच्या खोलीत तिरके चालत गेले. तिरके! काकूंनी लेकीला फोन करून सांगितलं तेव्हा फोनवर दोघी रडल्या. दुपारच्या झोपेतली नावंही थांबली. बत्तीस दगड पोत्यात गेले आणि पोतं गवंड्याकडे गेलं.

राहिले स्वयंपाकघराच्या दारातले नऊ.

"रविवारी येते, चार वाजता, तिला घेऊन," लेक म्हणाली. "आई, सगळे जातील ना तोवर?"

"जातील," काकू म्हणाल्या.

रविवारी जेवणं झाली. काकू ओट्याशी, आपल्या फरशीवर उभ्या राहून नातीसाठी भात मऊ करत होत्या. दारापलीकडे पंत येऊन उभे राहिले. हातात सळई होती. माळ्यावर टाकलेली ती त्यांनी काढून आणली होती.

"हे नऊ मी उचलतो," ते म्हणाले. "पण आधी आत तपासतो. एकदाच. मग सळईही देऊन टाकतो."

डॉक्टरीणबाईंनी सळईला हात लावायचा नाही असं निक्षून सांगितलं होतं. काकूंनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांना ते कळतही होतं. पण खरं सांगायचं तर पंतांच्या हातात सळई पाहून त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. गेले सहा महिने त्या याचीच वाट बघत होत्या, कुणीतरी एकदा तपासून सांगावं याची.

"करा," त्या म्हणाल्या. "लवकर करा."

"तू आहेस तिथेच राहा."

पंत पालथे झाले. नऊ दगड त्यांनी एकेक करून मागे ठेवले आणि उंबऱ्यापासून सुरुवात केली. फरश्यांच्या फटीत सळई तिरपी घालायची, दाबायची, दोन बोटं पुढे सरकायचं, पुन्हा घालायची. मग फरशीवर सळईच्या टोकाने हलकेच ठोकायचं आणि कान लावायचा. बावीस वर्षांनी हात थांबला नाही. चेहऱ्यावर भीतीही नव्हती. उलट तरुण दिसत होते. काकूंनी त्यांना काम करताना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं, आणि असा नेटका, सावध, गुणी कारागीर आपला नवरा आहे याचं त्यांना कौतुक वाटलं.

पहिली फरशी झाली. दुसरी झाली. गॅस बंद होता, भात झाकला होता, घड्याळात तीन वाजून गेले होते. तिसरी झाली. चौथी झाली. ठोकल्याचा आवाज दर वेळी सारखाच येत होता, भरीव आणि ठाम. पंतांचा हात काकूंच्या पायांपाशी आला. त्यांनी काकूंच्या दोन पावलांमधली फट तपासली आणि फरशीवर ठोकलं.

आवाज वेगळा आला.

पंतांनी पुन्हा ठोकलं. पोकळ होता. त्यांनी सळई अतिशय सावकाश बाजूला ठेवली, आणि मान वर न करता म्हणाले, "हलू नकोस."

"अहो, फरशी पोकळ असेल," काकू म्हणाल्या. "खालचं सिमेंट सुटलं असेल. जुनं घर आहे."

"असेल."

"मग?"

"हलू नकोस."

काकू हसणार होत्या. हसायचं त्यांनी ठरवलंही. कुठल्याही घरात दहा फरश्या पोकळ असतात, हे त्यांना पंतांइतकंच ठाऊक होतं. आता पाय उचलायचा, बाजूला ठेवायचा, आणि म्हणायचं, बघा, काही नाही. सरकारने मान्य केलेलं सत्तर टक्के दुखणं आता पुरतं गेलं. एवढंच करायचं होतं. त्यांनी स्वतःच्या उजव्या टाचेला उठायला सांगितलं, आणि टाच उचलली गेली नाही. टाचेखाली फरशी किंचित खाली गेल्यासारखी वाटली आणि तिथेच थांबली.

"किती वर्षं उभी आहे मी इथे?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही.

"मोजू नकोस," पंत म्हणाले. त्यांनी दोन्ही तळहात काकूंच्या पावलांवर ठेवले आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. त्यांच्या तळव्यांना घाम आला होता. "मी इथेच आहे. या वेळी मी वाटेवर नाही."

किती वेळ गेला कळलं नाही. भाताचं झाकण हाताच्या अंतरावर होतं, पण हात लांब करायचं धाडस होईना. इतक्यात पुढचं दार वाजलं. ते लोटलेलंच होतं.

"आई! अगं, किती मोकळी वाटतेय खोली!" लेकीचा आवाज हसरा होता, काकूंनी तसा तो तिच्या लहानपणापासून ऐकला नव्हता. "बाबा? कुठे आहात सगळे? बघ गं, बघ, हे आजीचं घर. जा. जा आजीकडे."

छोटे पाय फरशीवर पडल्याचा आवाज आला. पट, पट, पट. एकदा थांबला, तोल सावरला, पुन्हा सुरू झाला. मग स्वयंपाकघराच्या दारात नात दिसली. पिवळा फ्रॉक, कपाळावर घामाने चिकटलेले केस. आजी ओळखीची होती. जमिनीवर पालथा पडलेला माणूस नवा होता, आणि तो खेळच वाटला असावा, कारण ती खळखळून हसली, दोन्ही हात वर केले आणि उंबऱ्यावरून आत पाय टाकला.

"थांब!"

सगळं घर दणाणलं. असा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता, पंतांच्या तोंडूनसुद्धा नाही. नात जागच्या जागी गोठली. तोंड उघडं राहिलं, पण रडू बाहेर येईना.

लेक धावत आली आणि पहिल्यांदा बापाकडेच पाहिलं. बाप बायकोच्या पायांवर हात दाबून पडला होता, ओठ घट्ट मिटलेले. मग तिने वर पाहिलं. आईचा हात पुढे ताठ झाला होता, पंजा उघडा, डोळे नातीच्या पावलाखालच्या फरशीवर.

"आई?"

"पुढे येऊ नकोस," काकू म्हणाल्या. "तिलाही येऊ देऊ नकोस. अजून झालेलं नाही."

लेकीने खाली वाकून मुलीला अलगद उचललं, छातीशी धरलं, आणि पाठ न फिरवता, ज्या फरश्यांवर पाय ठेवत आत आली होती त्याच फरश्यांवर एकेक पाऊल मागे टाकत ती बाहेर गेली. कसं जायचं ते तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.